‘दवाखाण्यात’ नव्हे, ‘दवाखान्यात’!

व्याकरणाची चूक दिसली की काहींच्या डोक्यात तिडीक जाते. ती का जाते, हे मेंदूचे अभ्यासक सांगू लागले आहेत. ती गेल्यानंतर काय करायचं, हे मात्र आपल्यालाच ठरवावं लागतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. शनिवारची संध्याकाळ होती. दुसऱ्या दिवशी घरातलं लग्न, त्यामुळे कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुठली गाडी किती वाजता निघणार याची चर्चा रंगली होती. साडेसातच्या सुमारास बार्शीहून चुलत वहिनींचा मेसेज आला : ‘ह्याना दवाखाण्यात ॲडमीट केल आहे. शुगर खुप कमि झालि. कोणितरी या.’

मी पुण्यात होतो. माझं उत्तर काही सेकंदांत गेलं : ‘दवाखान्यात. ण नाही, न.’

उत्तर गेलं आणि मग मूळ मेसेजचा अर्थ डोक्यात शिरला. घाईघाईनं ते पुसलं, पण तोवर वहिनींनी वाचलं होतं. दादाला रात्रभर ग्लुकोजची सलाइन लागली आणि सकाळी तो पूर्ण शुद्धीवर आला. मी मात्र शुद्धलेखनावरच अडकलो होतो. त्या दिवसानंतर वहिनींनी ग्रुपवर एक ओळही लिहिली नाही. वाढदिवस असो की बारसं, त्यांच्याकडून येतात ते फक्त जोडलेले हात आणि फुलं.

माझे वडील मराठीचे शिक्षक. घरी आलेली लग्नपत्रिकासुद्धा ते लाल पेन हातात घेऊनच वाचायचे. ती सवय माझ्यात उतरली. ‘येथे गाड्या लावू नये’ ही पाटी दिसली की त्या ‘नये’चं ‘नयेत’ केल्याशिवाय माझी मान पुढे वळत नाही. तुमच्याही घरात असं कुणीतरी असेल. ‘माझी मदत कर’ ऐकलं की ‘मला मदत कर’ असं पुटपुटणारी मावशी, नातवाची वही तपासताना ह्रस्व-दीर्घावरून रक्त आटवणारे आजोबा, किंवा सरकारी फलकाचा फोटो काढून ‘हे बघा!’ म्हणून सगळ्यांना पाठवणारा मित्र. कदाचित ते तुम्हीच असाल.

ही नुसती खोड आहे, शिस्त आहे की आणखी काही? त्या संध्याकाळनंतर मी हा प्रश्न गांभीर्यानं घेतला.

६०० मिलिसेकंदांची ठेच

ऐकताना किंवा वाचताना मेंदू वाक्य संपायची वाट पाहत नाही. एकेक शब्द येत असतानाच पुढे काय येणार याचा अंदाज बांधत तो चालतो. ‘आईनं गरम भाकरीवर...’ इतकं ऐकलं की मेंदू तूप, लोणी, फार तर ठेचा यांच्या तयारीत असतो. तिथे ‘मोजे’ हा शब्द आला तर?

अमेरिकेत मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड या संशोधकांनी अशाच प्रकारची वाक्यं लोकांना वाचायला दिली आणि डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतले विद्युत बदल नोंदवले. त्यांचा निबंध १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. अर्थाला न जुळणारा शब्द आला की सुमारे ४०० मिलिसेकंदांनी, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्याही आत, मेंदूच्या आलेखात एक ठळक लाट उमटत होती. तिला ‘एन-४००’ म्हणतात.

ही झाली अर्थाची गडबड. व्याकरणाची गडबड वेगळी उमटते. ‘मुलगी शाळेत गेला’ या वाक्यात मुलगी आहे, शाळा आहे, जाणंही आहे. अर्थ कळतो, पण काहीतरी खटकतं. वाक्याची रचना अशी मोडली की साधारण ६०० मिलिसेकंदांच्या आसपास उलट्या दिशेची लाट दिसते, हे ली ऑस्टरहाउट आणि फिलिप होल्कोम्ब यांनी १९९२ मध्ये दाखवलं. हिचं नाव ‘पी-६००’. कर्ता आणि क्रियापद यांचा मेळ बसला नाही की हिंदी वाचकांच्या मेंदूतही ती उमटते, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. हिंदीची क्रियापदंही मराठीसारखीच लिंग-वचनाप्रमाणे बदलतात, त्यामुळे आपल्यासाठी हा दाखला जवळचा. चालता चालता ठेच लागावी, मेंदूनं क्षणभर थांबून ‘असं कसं?’ म्हणत मागचं वाक्य पुन्हा जुळवून पाहावं, असा या लाटेचा अर्थ अनेक अभ्यासक लावतात.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की ही ठेच फक्त व्याकरणाच्या कडव्या भक्तांना लागत नाही. ज्याला ती भाषा येते, त्या प्रत्येकाला लागते. त्यासाठी शाळेत व्याकरण शिकलेलं असावं लागत नाही. ‘बाबा आली’ म्हटलं की चार वर्षांचं पोरही खुदकन हसतं. लिंग, वचन, पुरुष यांतला एकही शब्द त्याला माहीत नसतो, पण नियम त्याच्या डोक्यात केव्हाच बसलेले असतात. दादोबा पांडुरंग यांचं मराठी व्याकरण १८३६ मध्ये छापलं गेलं आणि मोरो केशव दामले यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये आलं. त्याआधी कित्येक शतकं मराठी माणूस अचूक क्रियापदं वापरतच होता. पुस्तकांनी डोक्यातलं व्याकरण कागदावर मांडलं, इतकंच.

हृदयालाही कळतं

ठेच फक्त डोक्यात लागते असंही नाही. ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांचा एक अभ्यास २०२३ मध्ये बराच गाजला. इंग्रजी मातृभाषा असलेल्या ४१ प्रौढांना त्यांनी बोलण्याचे छोटे तुकडे ऐकवले. काही शुद्ध होते, काहींत व्याकरणाच्या चुका पेरल्या होत्या. ऐकणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके त्याच वेळी मोजले जात होते.

आपण निवांत असतो तेव्हा हृदय घड्याळासारखं टिकटिक करत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर किंचित कमी-जास्त होत राहतं. ताण आला की ही लवचिकता घटते आणि ठोके जास्त एकसारखे पडू लागतात. बर्मिंगहॅमच्या प्रयोगात चुका जसजशा वाढल्या, तसतशी ही लवचिकता कमी होताना दिसली.

ही बातमी वाचून मला आधी आनंदच झाला. ‘बघा, तुमच्या चुकांमुळे माझ्या हृदयावर ताण येतो!’ असं म्हणायला शास्त्रीय आधार मिळाला होता. पण तो आनंद फसवा होता. एकेचाळीस माणसांवरचा हा छोटा प्रयोग. त्यातून दिसतं ते एवढंच, की भाषेची जाण शरीरात खोलवर मुरलेली असते आणि ती मोडली की शरीर क्षणभर दखल घेतं. चुकीच्या व्याकरणानं हृदयविकार होतो असा त्याचा अर्थ नाही. जिना चढतानाही हृदय दखल घेतं, म्हणून आपण जिन्यावर रागावत नाही.

कालचं शुद्ध, आजचं अशुद्ध

इथे एक फरक करायला हवा. ‘मुलगी गेला’ ही व्याकरणाची चूक आहे. ‘कमि’ ही लेखनाची चूक आहे. पहिला नियम आपण आईच्या मांडीवर शिकतो, दुसरा शाळेच्या बाकावर. ‘कमी’ आणि ‘कमि’ हे दोन्ही बोलताना जवळपास सारखेच ऐकू येतात. म्हणूनच ह्रस्व-दीर्घ ज्याला-त्याला पाठ करावं लागतं, आणि जिथे पाठांतर आलं तिथे शाळा कशी मिळाली, वाचायला काय मिळालं, हे सगळं आलं.

शिवाय लेखनाचे नियम माणसांनी ठरवलेले असतात आणि माणसं ते बदलतातही. मराठी साहित्य महामंडळानं तयार केलेले १४ नियम राज्य शासनानं १९६२ मध्ये स्वीकारले. १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडून ते १८ झाले. आपण आज लिहितो ते या नियमांनी. त्याआधी ‘घरांत’, ‘नांव’, ‘कांहीं’ असे, उच्चारात नसलेले अनुस्वार देणं हेच शुद्ध होतं. ‘कवि’, ‘बुद्धि’ हे ह्रस्व लिहिले जात. नव्या नियमानं ते ‘कवी’, ‘बुद्धी’ झाले.

आमच्या आजोबांचं एक जुनं पोस्टकार्ड घरात आहे. अक्षर मोत्यासारखं आणि ओळीओळीत अनुस्वार. आजच्या नियमांनी तपासलं तर त्यात डझनभर चुका निघतील. आजोबांनी माझा हा लेख तपासला असता, तर त्यांनीही तेवढ्याच काढल्या असत्या. आणि दोघांचंही बरोबरच असतं.

नियम बदलतात म्हणून नियमच नकोत, असं नाही. सगळ्यांनी एकसारखं लिहिलं की वाचताना डोळा अडखळत नाही. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. ‘शिर’ म्हणजे डोकं आणि ‘शीर’ म्हणजे रक्तवाहिनी. हे भेद सांभाळायलाच हवेत. पण एखाद्याला ते भेद सांभाळता आले नाहीत, म्हणून त्याच्या बुद्धीचं माप काढता येत नाही.

ठेच सगळ्यांना, तिडीक काहींनाच

ठेच सगळ्यांना लागते, तर मग काही जण हसून पुढे का जातात आणि काही जण पेटून का उठतात? अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या जूली बोलंड आणि रॉबिन क्वीन यांनी २०१६ मध्ये याचा एक छोटा शोध घेतला. त्यांनी ८३ जणांना काही ईमेल वाचायला दिले. घरात जोडीदार भाडेकरू हवा, या जाहिरातीला आलेली ती उत्तरं होती. काही निर्दोष, काहींत टंकनाच्या चुका, तर काहींत इंग्रजीतल्या नेहमीच्या व्याकरणाच्या चुका. हा माणूस घरात राहायला कसा वाटतो, असं वाचणाऱ्यांना विचारलं. मग त्यांच्या स्वभावाची प्रश्नावली भरून घेतली.

चुका असलेल्या ईमेलला सरसकट कमी पसंती मिळाली. पण किती कमी, हे वाचणाऱ्याच्या स्वभावावर ठरत होतं. माणसांत रमणारे बहिर्मुख लोक चुकांकडे सहज काणाडोळा करत होते. अंतर्मुख लोक जास्त काटेकोर निघाले. आणि व्याकरणाच्या चुकांवर सर्वांत कडक निकाल दिला तो, जुळवून घेण्याची वृत्ती ज्यांच्यात कमी होती त्यांनी.

हाही एकच छोटा अभ्यास आहे, त्यावरून घरच्या मावशीचा स्वभाव ठरवू नये. तरीही तो वाचताना मी जरा चुळबुळलो. चूक दिसणं हे भाषेच्या ज्ञानाचं लक्षण असेल, पण चुकीवरून माणसाला शिक्षा करणं हे ज्ञानाचं लक्षण नव्हे. तो स्वभाव झाला, आणि स्वभावाला आवर घालता येतो.

मेंदू माफही करतो

नेदरलँड्समध्ये झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. डच भाषेत नामांना लिंग असतं आणि ते चुकलं की डच कानाला खटकतं. संशोधकांनी डच लोकांना अशा चुका दोन आवाजांत ऐकवल्या. एक आवाज डच माणसाचा आणि दुसरा तुर्की वळणाचं डच बोलणाऱ्याचा. डच माणूस चुकला की मेंदूत ‘पी-६००’ची लाट उठली. तीच चूक तुर्की वळणाच्या आवाजात ऐकली तेव्हा ती लाट उठलीच नाही. अर्थाची गडबड मात्र दोन्ही आवाजांत पकडली गेली.

म्हणजे ही भाषा याच्या घरची नाही, तो कष्टानं बोलतो आहे, हे मेंदू ओळखतो आणि व्याकरणाचा आग्रह आपणहून सैल करतो. अर्थाचा धागा मात्र सोडत नाही. इतकं शहाणपण आपल्या डोक्यात उपजत आहे.

मग ते आपल्याच माणसांच्या वाट्याला का येत नाही? बंगाली सहकाऱ्यानं ‘मी आली’ म्हटलं की आपण कौतुक करतो, ‘किती छान मराठी बोलतोस!’ म्हणतो. आणि आपल्याच जिल्ह्यातलं कुणी ‘पाणी पिलो’ म्हणालं की ओठ मुडपतो. बोलीतले उच्चार आणि रूपं या चुका नसतात. त्या त्या भागात त्यांचेही नियम असतात आणि तिथली माणसं ते काटेकोर पाळतात. अडचण येते ती बोलीतून प्रमाण भाषेत उडी मारताना.

वहिनींचं माहेर अकोल्याकडचं. घरी ‘पानी’, ‘कोन’ असंच बोललं जायचं. शाळेत त्यावर वर्ग हसायचा. तेव्हापासून लिहिताना ‘न’ आला की त्यांना शंका येते, इथे ‘ण’ तर नसेल? या शंकेपोटी त्या काही वेळा बरोबर असलेला ‘न’सुद्धा ‘ण’ करून टाकतात. भाषाशास्त्रात याला अतिशुद्धी म्हणतात. शुद्ध लिहिण्याच्या धडपडीतूनच ही चूक होते. म्हणजे ज्या ‘दवाखाण्यात’वर मी झडप घातली, तो निष्काळजीपणा नव्हताच. माझ्यासारख्याच कुणीतरी लहानपणी हसून घातलेल्या भीतीचा तो ओरखडा होता. हे मला वहिनींकडून कळलं ते फार नंतर, मी फोन करून माफी मागितली तेव्हा.

काही मुलांच्या बाबतीत कारण आणखी वेगळं असतं. अक्षरं उलटसुलट होणं, काना-मात्रा सतत गळणं, वय वाढलं तरी वाचन-लेखन न सुधारणं यामागे अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. अशा मुलाला दहा वेळा तेच लिहायला लावून उपयोग होत नाही. त्याची तपासणी करून घ्यावी लागते.

मंत्रचळ म्हणायचं का?

‘मला ग्रामरचा ओसीडी आहे’ असं हल्ली थट्टेनं म्हटलं जातं. ओसीडी म्हणजे मंत्रचळ हा खरा आणि त्रासदायक आजार आहे. पाटीवरची चूक खटकणं म्हणजे तो आजार नव्हे. मात्र साधा मेसेज पाठवण्याआधी तो पंधरा-वीस वेळा वाचावा लागत असेल, एकच ओळ पुन्हा पुन्हा खोडून लिहावी लागत असेल, त्यात रोज तासभर किंवा जास्त वेळ जात असेल आणि थांबायचं म्हटलं तरी थांबता येत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला हवं. यावर औषधं आणि समुपदेशन असे दोन्ही उपचार आहेत. ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावरही विनाशुल्क बोलता येतं.

चूक हेच लक्षण असतं तेव्हा

आता त्या शनिवारचा सांगायचा राहिलेला भाग सांगतो.

वहिनींच्या मेसेजच्या साधारण तासभर आधी, साडेसहाला, खुद्द दादाचा एक मेसेज ग्रुपवर आला होता. गाडीबद्दल विचारलं होतं, त्याला त्याचं उत्तर : ‘उद्याचं गाडी सांगून मी येते ते दे.’ दादा बँकेतून निवृत्त झालेला. त्याचं लेखन नेहमी आखीवरेखीव असतं. मला हसू आलं. मी लिहिलं : ‘येते? दादाची ताई कधी झाली?’ चौघांनी हसरे चेहरे टाकले.

एकानंही फोन उचलून विचारलं नाही, ‘दादा, बरा आहेस ना?’

दादाला मधुमेह आहे. लग्नाच्या गडबडीत त्या दिवशी त्यानं गोळी घेतली, पण जेवण टाळलं. मेंदूचं मुख्य इंधन ग्लुकोज. रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली जाऊ लागली की घाम, थरथर, धडधड सुरू होते. आणखी घसरली की गोंधळ उडतो, जीभ अडखळते, वाक्यं विस्कटतात. एका ‘येते’वरून निदान होत नाही, हे खरं. बोट चुकूनही तसं पडतं. पण नेहमी नीट लिहिणाऱ्या माणसाचं अख्खं वाक्य विस्कटतं, तेव्हा तो विनोदाचा विषय नसतो. माझ्या मेंदूनं घंटा अचूक वाजवली होती. मी ती घंटा चुकीच्या कारणासाठी वापरली.

पक्षाघातातही हेच. १८६१ मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी एका रुग्णाचा अभ्यास मांडला. त्याला बोललेलं कळत होतं, पण त्याच्या तोंडून ‘तान’ या एकाच शब्दासारखा आवाज निघे. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा आढळली. हा भाग आज ब्रोकांच्या नावानं ओळखला जातो. तिथला रक्तपुरवठा तुटला की काही रुग्णांचं व्याकरणच निखळतं. शब्द सापडतात, पण प्रत्यय गळतात किंवा भलतेच लागतात, क्रियापदं जुळत नाहीत. याला वाचाघाताचा एक प्रकार मानतात.

म्हणून घरातल्या व्याकरणप्रेमींना एक मोठं काम आहे. तुमचा कान तयार आहे. कुणाचं बोलणं किंवा लिहिणं अचानक विस्कटलं, तर ते सर्वांत आधी तुम्हाला कळेल. तेव्हा दुरुस्ती करू नका, फोन करा. तोंड एका बाजूला वाकडं झालंय का, एक हात वर राहत नाही का, बोलणं अडखळतंय का, हे बघा. तसं असेल तर १०८ ला फोन करून पक्षाघातावर उपचार होतील अशा रुग्णालयात लगेच न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. मधुमेह असलेली व्यक्ती गोंधळली असेल, शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका.

आग्रह धरायचा तो इथे

मग शुद्धतेचा आग्रह सोडूनच द्यायचा? मुळीच नाही. काही ठिकाणी तो जीव वाचवतो.

औषधाची मात्रा ‘.५’ अशी लिहिली आणि ठिपका पुसट झाला, तर दहापट औषध पोटात जाईल. म्हणून ती ‘०.५’ अशीच लिहायची असते. उलट ‘५.०’ लिहिलं तर ते ‘५०’ वाचलं जाऊ शकतं, म्हणून तिथे नुसतं ‘५’. संधिवातासाठी दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. ते ‘रोज’ असं समजून घेतलं, तर जिवावर बेततं. डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावं, असा बदल भारतीय वैद्यक परिषदेच्या नियमांत २०१६ मध्ये झाला तो यासाठीच. चिठ्ठीवरचं अक्षर लागत नसेल तर ‘डॉक्टर, हे जरा नीट लिहून द्या’ म्हणणं हा उद्धटपणा नाही. लाल पेनवाल्यांनी तिथे जरूर हट्टी व्हावं.

पाठ्यपुस्तकं, सरकारी फलक, वर्तमानपत्रं यांच्याकडूनही शुद्ध भाषा मागण्याचा आपल्याला हक्क आहे. लिहिणं हेच त्यांचं काम आहे आणि तपासायला त्यांच्याकडे माणसं असतात. रात्री घाबरून दवाखान्याच्या बाकावरून मेसेज करणाऱ्या बाईकडे ती नसतात.

चुका दिसतात त्यांच्यासाठी

* ठेच लागली की दहा सेकंद थांबा. आधी मजकुराला उत्तर द्या.
* ही चूक घाईची, बोलीची, कमी शाळेची, की तब्येतीची? कारण शोधल्याशिवाय दुरुस्ती नको.
* दुरुस्ती गरजेचीच असेल तर चारचौघांत नको, एकट्याला सांगा. त्यातही ‘सांगू का?’ असं आधी विचारा.
* लहान मूल ‘मी करलं’ म्हणालं तर ‘चुकलं’ म्हणू नका. ‘हो का, तू केलंस?’ असं म्हणा. योग्य रूप त्याच्या कानावर पडतं आणि बोलणंही चालू राहतं.
* स्वतःचं लिखाण तपासताना ते थोडा वेळ बाजूला ठेवा, मग मोठ्यानं वाचा. आपल्याला काय म्हणायचं होतं हे मेंदूला ठाऊक असतं, म्हणून स्वतःच्या चुकांवरून तो अलगद पुढे सरकतो. दुसऱ्याच्या चुका लख्ख दिसतात त्याचं एक कारण हेही आहे.

माफीच्या त्या फोननंतर वहिनी लगेच लिहू लागल्या असं झालं नाही. बरेच महिने जोडलेले हातच येत राहिले. गेल्या महिन्यात एका रात्री, ग्रुपवर नव्हे, माझ्या एकट्याच्या फोनवर त्यांचा मेसेज आला : ‘ह्यांची शुगर आज १४२. जेवन पण नीट झाल.’

ठेच लागली. ती लागणारच. मी फोन खाली ठेवला, दहापर्यंत मोजलं आणि लिहिलं : ‘वा! काय केलं होतं जेवायला?’

उत्तर आलं. चांगलं सहा ओळींचं होतं.